पाऊण इंची पितळी बूच

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात फिनिक्समधल्या आमच्या वर्कशॉपमध्ये एक कॅम्पिंग ट्रेलर आला, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर. मालक मराठी, इथेच नोकरीला. ट्रेलर वर्षभरापूर्वी सेकंडहँड घेतलेला. "पाणी तापवायच्या हीटरखाली पाणी येतंय. शुक्रवारी आई-बाबांना घेऊन ग्रँड कॅन्यनला निघायचंय. जुना काढाच आणि टँकलेस बसवून द्या, पाणी संपायची कटकट नको," म्हणाले. टँकलेस म्हणजे टाकी नसलेला, वाहतं पाणी जागच्या जागी तापवणारा हीटर.

आधी गळती कुठून होतेय ते बघायला हवं. पाणी तापताना प्रेशर रिलीफ व्हॉल्व्हमधून थेंब पडणं म्हणजे बिघाडच असं नाही. टाकीत वर हवेची पोकळी असते. ती भरून गेली की फुगणाऱ्या पाण्याला तेवढीच वाट उरते. मागचे जोड टिश्यू पेपरने पुसून वीस मिनिटं थांबलो. जोड कोरडेच राहिले. पाणी झिरपत होतं ते टाकीभोवतीच्या थर्माकोलमधून. म्हणजे टाकीच गेलेली.

सिलिंडरवरून गॅस बंद केला, १२ आणि १२० व्होल्ट दोन्ही तोडले, पाण्याची लाइन बंद केली. टाकी गार झाल्यावर व्हॉल्व्ह उघडून दाब सोडला आणि खालचं बूच काढायला १ १/१६ इंची सॉकेट घेतला. तो बसेना. टॉर्च मारली तर तिथे चौकोनी डोक्याचं पितळी बूच!

हा हीटर सबर्बन कंपनीचा, ६ गॅलनचा, म्हणजे जवळपास २३ लिटरचा. याची टाकी लोखंडी असते, आतून काचेसारख्या मुलाम्याची. मुलाम्याला बारीक भेगा असतातच, म्हणून बुचाच्या जागी अॅनोड रॉड बसवतात: मॅग्नेशियमची कांडी, साधारण ९ इंच लांब. पाणी आधी तिला खातं आणि टाकी वाचते. ही कांडी झिजण्यासाठीच असते. पाऊण भाग झिजला की बदलायची. या टाकीतली कांडी कुणीतरी कधीतरी काढली होती आणि हार्डवेअरच्या दुकानातलं पाऊण इंची बूच बसवलं होतं. आटे जुळले, गळती नाही, त्यामुळे कुणाला शंकाही आली नाही. पितळ आणि लोखंड एकाच पाण्यात आले की गंजतं ते लोखंड. म्हणजे रक्षण गेलंच, वर मारेकरी बसवला. बूच काढल्यावर वीटकरी चिखल आणि नखाएवढे मुलाम्याचे पापुद्रे बाहेर आले. अशा टाकीला वेल्डिंग करून उपयोग नसतो. उष्णतेने आजूबाजूचा मुलामा जळतो आणि भोक शेजारी पडतं.

हा गोंधळ बहुधा दोन प्रकारच्या हीटरमुळे होतो. अॅटवूड या दुसऱ्या कंपनीच्या हीटरची टाकी अॅल्युमिनियमची, बूच अर्धा इंची नायलॉनचं. त्याला रॉड लागत नाही. ते ऐकून लोक सबर्बनचाही रॉड काढतात.

आता टँकलेस. मी विचारलं, "मुक्काम कुठे?" दोन रात्री ग्रँड कॅन्यनच्या मेदर कॅम्पग्राउंडवर. तिथे ट्रेलरला वीज नाही, पाण्याचं कनेक्शन नाही. उंची सुमारे ७,००० फूट, रात्री गोठवणारी थंडी. त्यांच्यासमोर कागदावर हिशोब मांडला. १ गॅलन पाणी १ अंश फॅरनहाइटने तापवायला ८.३३ बीटीयू (उष्णतेचं एकक) लागतात. ४५ अंशांचं पाणी १०५ वर न्यायचं तर गॅलनमागे ५००. बाजारात तासाला ४२,००० बीटीयूचा टँकलेस मिळतो. ८० टक्के उष्णता पाण्यात गेली असं धरलं तरी मिनिटाला १.१ गॅलन, आणि उंचीवर ज्वाला आणखी मंद. शिवाय प्रवाह एका मर्यादेखाली गेला की टँकलेस विझतो. पाणी वाचवायला शॉवर बंद-चालू करणाऱ्याच्या अंगावर मध्येच गार पाणी येतं, आणि गरम येईपर्यंतचं पाणी वाया जातं. त्यांची सांडपाण्याची टाकी ३० गॅलनची. पाणी अखंड गरम मिळालं तरी ते साठवणार कुठे?

"बाबा शॉवर घेतच नाहीत, बादलीच लागते," ते म्हणाले. मग तर प्रश्नच मिटला. १३० अंशांच्या २३ लिटरमध्ये गार पाणी मिसळून दोन बादल्या होतात. बंबासारखंच. अर्ध्या तासात टाकी पुन्हा तापते.

१० गॅलनचा घेतला तर भिंत कापायची आणि १५ किलो पाणी जास्त वाहायचं. अॅटवूडला रुंद भोक लागतं. सबर्बनच्या ६ गॅलनला १२.७ बाय १२.७ इंचांचं, ते तयार होतं. मॉडेलच्या नावातली अक्षरं बघून घ्यावीत: डी म्हणजे स्विचने पेटणारा, ई म्हणजे विजेचीही कॉइल, एम म्हणजे इंजिनच्या गरम कूलंटवरही चालणारा, जो ट्रेलरला निरुपयोगी. डीई मागवला. दार वेगळं घ्यावं लागतं, जुनंच लावलं.

टाकी काढल्यावर खालचा प्लायवूड बोटाने दबत होता. फूटभर कापून नवा टाकला. हे टाळलं असतं तर २३ किलो पाणी कुजक्या लाकडावर बसलं असतं. हीटरच्या बाहेरच्या कडेला (फ्लँजला) पाणी आत शिरू नये म्हणून नवी चिकट ब्युटाइल टेप लावली. गॅसचा फ्लेअर जोड दोन पान्यांनी आवळला, त्याला टेफ्लॉन नाही, आणि साबणाच्या पाण्याने तपासला. गॅसचा दाब ११ इंच वॉटर कॉलम, म्हणजे ११ इंच उंच पाण्याचा स्तंभ पेलेल एवढा. मागचे बायपास व्हॉल्व्ह, म्हणजे टाकी वगळून पाणी पुढे नेणारे, फिरवून पाहिले.

मालकाला एक गोष्ट दोनदा सांगितली. गरम पाण्याचा नळ उघडून हवा फुसफुसायची थांबेपर्यंत आणि सलग धार येईपर्यंत विजेचा स्विच चालू करायचा नाही. रिकाम्या टाकीत कॉइल काही क्षणांत जळते. आणि कॉइल १४४० वॅटची, म्हणजे १२ अँपियर. ३० अँपियरच्या कनेक्शनवर ती, एसी आणि मायक्रोवेव्ह एकत्र लावले की ब्रेकर पडतो.

फिनिक्सचं पाणी जड, म्हणून रॉड दर सहा महिन्यांनी बघायचा. त्यांनी मार्कर मागून घेतला आणि हीटरच्या दाराच्या आतल्या बाजूला लिहिलं: 'रॉड – मे'.