मृत्युपत्र लिहिता लिहिता

मला मूलबाळ नाही आणि ह्यांना जाऊनही बरीच वर्षं झाली. माझ्यासारख्या बाईने मृत्युपत्र न करता डोळे मिटले, तर तिच्या घराचं काय होतं? बहुतेक बायकांना वाटतं, आपलं ते आपल्या आईचं, नाहीतर बहीणभावांचं. मलाही तसंच वाटत होतं. कराडचा हा फ्लॅट मी शिक्षकांच्या पतसंस्थेचं कर्ज काढून घेतला. हप्ते गेले ते जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या माझ्या पगारातून. सासरचा त्यात एक रुपया नाही.

निवृत्तीनंतर वकिलांकडे गेले, तेव्हा त्यांनी हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ काढून कलम १५ माझ्यापुढे धरलं. म्हणाले, "बाई, तुम्हीच वाचा." आधी मुलं आणि नवरा. ते नसतील तर नवऱ्याचे वारस. त्यांच्यानंतर बाईचे आईवडील. सासूसासरे आता नाहीत, त्यामुळे माझ्या बाबतीत पहिला मान दीर आणि नणंदेचा. ऐंशी ओलांडलेली माझी आई माझ्याच घरात राहते, ती त्यांच्या मागे. पुरुष मृत्युपत्र न करता गेला तर त्याची आई पहिल्या वर्गातली वारस असते. बाईच्या आईने मात्र थांबायचं! आईवडिलांकडून वारशाने आलेली मालमत्ता असेल आणि बाईला मूल नसेल, तर ती माहेरी परत जाते. स्वतः कमावलेलं तेवढं सासरी.

माझे दीर वाईट नाहीत, हे आधीच सांगते. ह्यांच्या आजारपणात त्यांनी दवाखान्यात रात्री काढल्या आहेत. पण उद्या आईला या घरात कोणी राहू द्यायचं, हे त्यांच्या चांगुलपणावर का सोडायचं?

कागदाचं काम मला वाटलं होतं त्याहून सोपं निघालं. साध्या कागदावर लिहिलेलं मृत्युपत्रही चालतं, मुद्रांक शुल्क लागत नाही. दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यातच. नोंदणी सक्तीची नाही, पण मी ती करून घेतली. वकिलांनी दोन गोष्टी बजावल्या. ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नका, आणि साक्षीदार तुमच्यापेक्षा वयाने लहान घ्या. मी माझे दोन जुने विद्यार्थी बोलावले. डॉक्टरांकडून शुद्धीत असल्याचा दाखला घेतला. दुय्यम निबंधकांकडे फोटो, अंगठा, सही, १०० रुपये नोंदणी फी आणि पानांचे किरकोळ पैसे. झालं.

बँकेत मात्र मी नॉमिनी लावलेली होती, तेवढ्यावर बरीच माणसं निर्धास्त असतात. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. पैसे ताब्यात घेऊन खऱ्या वारसांपर्यंत पोचवायचे, एवढंच त्याचं काम. सर्वोच्च न्यायालयाने शेअर्सबद्दल हेच २०२३ च्या डिसेंबरात सांगितलं. तेव्हा नॉमिनीचं नाव आणि मृत्युपत्रातलं नाव एकच असेल तर पुढच्यांची दगदग वाचते. मी तशी सगळी नावं जुळवून घेतली.

खरा वेळ गेला तो कोणाला काय द्यायचं ते ठरवण्यात. फ्लॅटचं मनात पक्कं होतं. आईला हयातीपर्यंत राहण्याचा हक्क आणि तिच्यानंतर तो माझ्या भाचीचा. वकील म्हणाले, "आणि भाची तुमच्याआधी गेली तर?" असलं अभद्र कोणी तोंडावर विचारत नाही, पण वकिलाने विचारावंच. तेही लिहिलं.

शेताचं निराळं होतं. ह्यांच्या वाट्याची गावची जमीन माझ्या नावावर आहे. सातबाऱ्यावर माझं नाव आणि राबतो पुतण्या. ती मी त्याच्या नावे लिहिली आणि दिरांना घरी बोलावून सगळं सांगितलं, फ्लॅटचंसुद्धा. चहा गार होईपर्यंत भाऊजी काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "वहिनी, फ्लॅटवर आमचा डोळा नव्हताच. पण शेताचं लिहिलंत ते बरं केलंत. पोरगा गप्प बसेल, त्याचे मेहुणे बसणार नाहीत." यात थोडा फ्लॅटचा सलही असणार. असू दे. माझ्या माघारी कळून तेराव्याला भांडणं होण्यापेक्षा मी समोर बसलेली असताना तोंड वाकडं झालेलं चांगलं.

दागिन्यांची यादी करायला बसले तेव्हा गाडी भलतीकडे वळली. पाटल्या, तोडे, आईची मोहनमाळ, प्रत्येकाचं वजन लिहीत होते. भाची शेजारी बसली होती. तिचं लग्न ठरलेलं. ती म्हणाली, "मावशी, तोडे तू गेल्यावर घालण्यात मला काय मजा? लग्नात घालते की." आई आतून ओरडली, "मागून घेतेस होय गं!" पण पोरीचं खरं होतं. मी यादीवर काट मारली आणि तोडे डबीसकट तिच्या हातात दिले.

मग सगळा मसुदाच त्या नजरेने पुन्हा वाचला. आत्ता देता येईल असं यात काय काय आहे? फ्लॅट नाही, कारण उद्या मलाच डोक्यावर छप्पर हवं. ठेवीही नाहीत. म्हातारपणी हात रिकामे करून बसू नये, आणि कोणाच्या आग्रहाने तर मुळीच नाही. हयातीत घर मुलांच्या नावे करून मग त्याच घरात पाहुण्यासारखं राहणारी माणसं मी पाहिली आहेत. पण ह्यांची अवजारांची पेटी पुतण्याला, शिलाई मशीन आमच्याकडे काम करणाऱ्या मावशींच्या सुनेला, हे लगेच झालं. नेत्रदानाचं कलमही काढून टाकलं. मृत्युपत्र दिवसकार्य आटोपल्यावर उघडलं जाणार आणि डोळे सहा तासांच्या आत घ्यावे लागतात. ते भाचीला तोंडी सांगितलं आणि नेत्रपेढीचा नंबर फ्रिजवर चिकटवला.

शेवटी राहिलं शाळेचं कलम. जिथे सगळ्यात जास्त वर्षं शिकवलं, त्या शाळेच्या वाचनालयाला एक लाख रुपये. वकिलांनी विचारलं, "पुस्तकं कोण निवडणार?" आता हे काय उत्तर द्यायचं! पैसे शाळेच्या खात्यात जातील, कोणीतरी एकगठ्ठा खरेदी करील, कपाटाला कुलूप लागेल. मसुद्यातून तेही कलम गेलं. आता दर जूनमध्ये मी दहा हजारांची पुस्तकं घेते आणि स्वतः नेऊन देते. आठवड्यातून एकदा दुपारी जाऊन देवघेवीच्या वहीत नोंदी करते. पहिल्या खेपेला मी थोरामोठ्यांची चरित्रं नेली होती. ती अजून कोरी करकरीत आहेत. पाचवीतली एक मुलगी म्हणाली, "बाई, भुताची नाहीत का?" यंदाच्या यादीत भुताची आहेत, क्रिकेटची आहेत आणि चरित्र एकच.