सी२००एच ते नोड-रेड: दहा हजारांचा खड्डा बुजला!

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याचा ओमरॉन सी२००एच (माग चालवणारा जुना पीएलसी, म्हणजे औद्योगिक कंट्रोलर) आता नोड-रेडला (आकडे गोळा करणारं सॉफ्टवेअर) खरे आकडे देतोय. आधी ग्राफानात (आकड्यांचे आलेख दाखवणारं सॉफ्टवेअर) मधेच एक खड्डा दिसायचा: पिकांचा (पिक म्हणजे मागावर आडव्या धाग्याची एक फेरी) आकडा एकदम १०,००० ने खाली, पुढच्या वाचनाला परत जागेवर.

विजेचा नॉइज असेल म्हणून शिल्ड, फेराइट, कॉम्प्रेसरचा कॉन्टॅक्टर, सगळ्यांवर संशय घेऊन झाला. पण होस्ट लिंकच्या (ओमरॉनशी बोलायची सिरियल भाषा) प्रत्येक फ्रेमला, म्हणजे संदेशाला, एफसीएस (चूक पकडणारा तपासणी-आकडा) असतो. नॉइजने बिट पलटला तर फ्रेमच बाद होते, असा गोल आकडा निघत नाही.

मोजणी बीसीडीत (दर चार बिटांत एक दशमान अंक), दोन वर्डमध्ये (१६ बिटांचे कप्पे) आहे. पीएलसीच्या मेमरीत डीएम ०१०० मध्ये खालचे चार अंक, ०१०१ मध्ये वरचे चार. नोड-रेडमधला फ्लो (प्रोग्रॅम) मात्र दर वर्डला वेगळी कमांड पाठवायचा. वरचा वाचला, ०००१. खालचा वाचेपर्यंत ९९९९ चे ०००० झाले. ग्राफवर १०,०००, मागावर २०,०००. वाचनाचा क्रम उलटा केला तर खड्ड्याच्या जागी सुळका, २९,९९९. तिथेच चोर सापडला.

हा रोज का दिसत नव्हता? ९६०० बॉड (सेकंदाला ९६०० बिट), ७ई२ (७ डेटा बिट, सम पॅरिटी, २ स्टॉप बिट), सुरुवातीचा बिट धरून एक अक्षर ११ बिटांचं. कमांडची १७ अक्षरं, उत्तराची १५, मिळून ३७ मिलिसेकंद. मिनिटाला १८० पिकांच्या मागावर दोन पिकांत ३३३. म्हणजे दोन वाचनांच्या मधल्या फटीत एखादा पिक पडण्याची शक्यता नवांत एक, आणि खालचा आकडा ९९९९ वरून पलटतो ५५ मिनिटांनी. नेमका तोच पिक फटीत सापडला तरच खड्डा!

उपाय एका ओळीचा. दोन्ही वर्ड एकाच कमांडमध्ये मागा: @, ०० (पीएलसीचा क्रमांक), आरडी (वाचा), ०१०० (इथून), ०००२ (दोन वर्ड), एफसीएस ५५, मग * आणि सीआर (ओळ संपल्याची खूण). दोन्ही एकाच स्कॅनचे मिळतात. उत्तर हेक्स (सोळा पायाचा आकडा) म्हणून वाचू नका, ००१९ चे २५ होतील.

यूएसबी-सिरियल कन्व्हर्टर एफटीडीआय चिपचाच घ्या. स्वस्तातला सीएच३४० जुन्या लिनक्सवर ७ई२ ला दाद देत नाही.

पाळी बदलताना काउंटर शून्य करायचा बेत होता. पण पीएलसी रन मोडमध्ये असताना लिहायला गेलं की एंड कोड ०१ (या मोडमध्ये चालत नाही) येतो, पीएलसी मॉनिटर मोडमध्ये टाकावा लागतो. चालू कारखान्यात त्याला कोण हात लावू देणार? त्यापेक्षा पाळीच्या सुरुवातीचा आकडा डेटाबेसमध्ये ठेवून वजा करू. लिहिता लिहिता सुचलं: उत्तराच्या पहिल्या फ्रेममध्ये ३० वर्ड मावतात, म्हणजे १५ माग एका दमात. लॅडरमध्ये (पीएलसीच्या प्रोग्रॅममध्ये) सगळे काउंटर ओळीने आहेत का, तेवढं आधी बघायचं.