सोलापूरच्या धावपट्टीवर उभ्या जेटचं कॉकपिट

विमान आता आपलं आपणच उडतं, पायलट नुसते बसून असतात, हे वाक्य मी सोलापुरातल्या सात रस्ता चौकातल्या चहाच्या गाड्यापासून लग्नाच्या पंगतीपर्यंत सगळीकडे ऐकलंय. म्हणून मुंबई-सोलापूर विमानाचं तिकीट काढतानाच ठरवलं होतं, जमलं तर कॉकपिट बघायचं आणि ज्यांचं काम आहे त्यांनाच विचारायचं. सोबत पुतणी होती, बारावी सायन्सला आहे आणि तिला पायलटच व्हायचंय, त्यामुळे प्रश्नांची यादी तिच्याकडे तयार होती.

सोलापूरकरांना हे विमान म्हणजे काय आहे ते बाहेरच्यांना कळायचं नाही. वर्षानुवर्षं मुंबईला जायचं म्हणजे रात्रीची सिद्धेश्वर एक्सप्रेस, सकाळी डोळे चोळत उतरायचं. होटगी रोडचा विमानतळ होता, पण विमान नाही. विमानांच्या वाटेत येणाऱ्या साखर कारखान्याच्या चिमणीवरून गावात किती वाद झाला, शेवटी १५ जून २०२३ ला ती पाडली, तेव्हा कोणी टाळ्या वाजवल्या आणि कोणाच्या डोळ्यात पाणी आलं, आणि मला दोन्ही खरं वाटतं. मग २०२५ च्या जूनमध्ये गोव्याचं पंख्याचं छोटं विमान, एटीआर, सुरू झालं, आणि ऑक्टोबरात मुंबईचं जेट, एम्ब्रेअर १७५. ब्राझीलमध्ये बनतं, प्रत्येक बाजूला दोनच सीट, मधली सीट नाहीच, त्यामुळे आम्हा दोघांपैकी एकाला खिडकी मिळणार हे नक्की. उजनीचं पाणी वरून दिसलं तेव्हा पुतणीने मला कोपराने ढोसलंच.

उडताना कॉकपिटमध्ये जाता येत नाही. २००१ च्या अमेरिकेतल्या विमानहल्ल्यांनंतर जगभर ते दार मजबूत केलं आणि उड्डाणात कायम बंद ठेवायला लागले, पूर्वी पोरांना आत बोलवायचे ते दिवस गेले. पण विमान उभं असताना कॅप्टनची मर्जी असेल तर बघू देतात. आम्ही एअर होस्टेस मॅडमना सांगून ठेवलं होतं, सोलापूरला सगळे उतरेपर्यंत थांबलो आणि आतून निरोप आला, या.

आत पहिली गोष्ट जाणवते ती जागा. इतकी कमी! दोन सीट, मागे एक घडीची, आणि सगळीकडे बटणं, अगदी डोक्यावर पण. कॅप्टन हिंदीत बोलत होते, पण को-पायलट कोल्हापूरची मुलगी निघाली, "या काका, डोकं सांभाळा" म्हणाली आणि पुढचं सगळं मराठीत झालं. समोर पाच मोठे स्क्रीन. दोघांच्या पुढे एकेक असा ज्यात वेग, उंची, दिशा आणि क्षितिज, शेजारी नकाशाचा, आणि मधला इंजिनांचा. पुतणीने लगेच पकडलं की विमान जमिनीवर उभंय तरी उंची दीड हजार फूट दाखवतंय. को-पायलट मुलगी खूश झाली. म्हणाली, उंची हवेच्या दाबावरून मोजतात आणि समुद्रसपाटीपासून धरतात, सोलापूर साडेचारशे मीटरच्या वर आहे, म्हणून बरोबरच आहे. दाब रोज बदलतो, त्यामुळे उतरण्याआधी टॉवरकडून त्या वेळचा आकडा घेऊन तो फिरवून लावावा लागतो, आणि दोघांनी एकमेकांचा तपासायचा. हे तपासायचं तपासायचं मी त्या वेळात इतकं ऐकलं की शेवटी तेच माझ्या डोक्यात बसलं.

आता मुख्य प्रश्न. आपलं आपण उडतं का? तिने नीट सांगितलं. निघण्याआधी पूर्ण मार्ग फ्लाइट मॅनेजमेंट कॉम्प्युटरमध्ये भरतात, आकाशातल्या ठरावीक बिंदूंना पाच अक्षरी नावं असतात, त्या बिंदूंची माळ. मग वजन, तापमान, वारा आणि धावपट्टीची लांबी घेऊन टेकऑफचे वेग काढतात. त्यातला एक व्ही वन. तोपर्यंत काही बिघडलं तर थांबता येतं, त्याच्यापुढे गेलो की एक इंजिन बंद पडलं तरी उडायचंच, आणि एका इंजिनावर ते चढतंही. व्ही वनचा पुकारा झाला की कॅप्टन थ्रस्ट लिव्हरवरचा, म्हणजे इंजिनाचा जोर कमीजास्त करायच्या दांड्यावरचा हात काढून घेतात, म्हणजे थांबायचा मोहच नको. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा हवा विरळ होते, पंख आणि इंजिन दोन्ही कमी जोर देतात, त्यामुळे त्याच धावपट्टीवरून कमी वजन घेऊन निघावं लागू शकतं. मे महिन्यातल्या सोलापुरात हे रोजचं गणित असणार.

टेकऑफ हाताने. थोड्या उंचीवर ऑटोपायलट लावतात, मग तो सांगितलेली दिशा, उंची, वेग धरून ठेवतो. या विमानात ऑटोथ्रॉटल नावाची यंत्रणा ते थ्रस्ट लिव्हर स्वतः पुढेमागे हलवते, ते बघायला मिळालं नाही याचं पुतणीला फार वाईट वाटलं. पण काय धरायचं ते माणूस सांगतो. पुढे ढग आहे, रडारवर लाल दिसतोय, डावीकडून जायचं की उजवीकडून, इंधन किती लागेल, सोलापूरला उतरता नाही आलं तर कुठे जायचं, हे यंत्र ठरवत नाही. आमच्या घरी, सोलापूरच्या पूर्व भागात, यंत्रमाग होते, लूम टॉवेल आपणच विणतो पण कामगाराची नजर धाग्यावरून हटत नाही, धागा तुटला तर कापड पुढे सगळं वाया, म्हणून मला हे पटकन समजलं.

आणि लँडिंग? आपोआप उतरायची सोय काही विमानांत असते, पण त्याला धावपट्टीवरही तशी उच्च दर्जाची यंत्रणा लागते, दिल्लीच्या धुक्यात ती कामी येते. जगातली बहुतेक लँडिंग हातानेच होतात. आजचं त्या मुलीने केलं होतं! साधारण तीन अंशाच्या उतारावर यायचं, म्हणजे दर सागरी मैलाला ३०० फूट खाली. धावपट्टीशेजारी जे चार दिवे असतात त्यात दोन लाल दोन पांढरे दिसले की उंची बरोबर, चारही लाल दिसले तर फार खाली आलोय. मागे बसून आम्हाला फक्त एक हलका धक्का कळला होता.

मला सगळ्यात मोलाचं वाटलं ते वेगळंच. एक जण उडवतो, दुसरा लक्ष ठेवतो आणि रेडिओ बघतो, आणि ही कामं फेरीगणिक आलटून पालटून, यात कोण मोठं हा प्रश्नच नाही. १० हजार फुटांच्या खाली कामाशिवाय एक शब्द बोलायचा नाही. पण काही चुकीचं दिसलं तर ज्युनिअरनेही बोलायचंच, आणि दोघांपैकी कोणीही "गो अराउंड" म्हणालं की लँडिंग सोडून परत वर, चर्चा नंतर. हे शहाणपण फार महाग पडून आलंय. २७ मार्च १९७७ ला स्पेनच्या टेनेरिफ बेटावर धुक्यात दोन जम्बो जेट धावपट्टीवरच आदळले, ५८३ माणसं गेली. परवानगी नसताना निघालेल्या विमानात मागे बसलेल्या फ्लाइट इंजिनिअरने विचारलं होतं की समोरचं विमान बाजूला झालंय ना, पण अनुभवी कॅप्टनने ते उडवून लावलं आणि पुढे कोणी जोर धरला नाही. त्यानंतर जगभर पायलटांना एकमेकांशी बोलायचं, टोकायचं आणि ऐकून घ्यायचं रीतसर शिकवायला लागले. वडीलधाऱ्यांना उलट बोलू नये असं शिकत मोठ्या झालेल्या आपल्यासारख्यांच्या पोरींना हे वेगळं शिकावं लागतं, म्हणून मी त्या मुलीला विचारलं, सरांना टोकायला अवघड जात नाही? तिच्याआधी कॅप्टनच म्हणाले, नहीं टोकेगी तो मैं डांटूंगा.

आता ज्यांना बघायचंय त्यांच्यासाठी. विमानात चढतानाच क्रूला सांगून ठेवा आणि उतरल्यावरचं विचारा. परत निघायची घाई असेल तर नाही म्हणतात, तेव्हा आग्रह करू नका, उभ्या विमानातही त्यांची तपासणी चालू असते. फोटो विचारूनच काढा, कशालाही हात लावू नका. पोरं सोबत असतील तर त्यांना प्रश्न लिहून न्यायला सांगा. आमच्या पुतणीचा शेवटचा प्रश्न होता, बारावीला फिजिक्स आणि गणित लागतंच का. लागतंच, आणि इंग्रजी पण, असं उत्तर मिळालं.