हात नसलेल्या तसबिरी

गेली सहा वर्षे नाशिकमध्ये गंगापूर रोडवरच्या आमच्या घराच्या वरच्या खोलीत मी कर्तृत्ववान स्त्रियांची व्यक्तिचित्रे जलरंगांत करत आले आहे. ती सगळी एकाच घडणीची होती: खांद्यांपर्यंतचा देह, समोर रोखलेली शांत नजर आणि मागे फिकट मातकट रंग, म्हणजे ३ जानेवारीला, सावित्रीबाईंच्या जयंतीला, हार घालण्यासाठी शाळेला जशी तसबीर लागते तशी. त्यांचे मुलांसाठी पुस्तक करावे असे ठरवले, तेव्हा चित्रे तर तयारच आहेत, प्रत्येकीखाली चार सोप्या ओळी लिहिल्या की काम झाले, असे मी धरून चालले होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत माझी सात वर्षांची भाची आली आणि भिंतीला ओळीने टेकवून ठेवलेली चित्रे बराच वेळ बघून तिने विचारले, "मावशी, ह्यांच्यापैकी कुणालाच हात का नाहीत?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते, आणि जसजशी मी चित्रे तिच्या नजरेने पाहू लागले तसतसे आणखी एक लक्षात आले की मी सगळ्यांना वयाने वाढवून ठेवले होते. १८४८ साली पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली तेव्हा सावित्रीबाई फुले १७ वर्षांच्या होत्या; माझ्या चित्रातल्या सावित्रीबाई पन्नाशीच्या होत्या. आदर दाखवायचा म्हणजे वय वाढवायचे, ही सवय मला कधी लागली ते कळलेच नाही. नव्या चित्रात त्या पाठमोऱ्या, गल्लीतून भराभर चालत निघाल्या आहेत आणि त्यांच्या काखेत एक बोचके आहे, कारण वाटेत अंगावर शेण आणि चिखल फेकला जाई म्हणून बदलायला दुसरी साडी त्या बरोबर नेत असत. मुले आधी त्या बोचक्यात काय आहे असे विचारतात, आणि मग गोष्ट सांगायला मला वेगळी सुरुवात शोधावी लागत नाही.

सर्वांत जास्त दिवस गेले ते आनंदीबाई जोशींच्या जोडपानावर. फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात १० ऑक्टोबर १८८५ रोजी काढलेले एक छायाचित्र प्रसिद्ध आहे; त्यात आनंदीबाई, जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या सबात इस्लांबुली अशा तिघी विद्यार्थिनी आपापल्या देशाच्या पोशाखात दिसतात. आनंदीबाई त्या दिवशी २० वर्षांच्या होत्या. पुढच्या वर्षी मार्चमध्ये त्यांनी पदवी घेतली आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाची २२ वर्षे पूर्ण होण्याआधीच, त्या गेल्या. छायाचित्र कृष्णधवल असल्यामुळे साडीचा रंग त्यातून कळत नाही. आधी मी ती डाळिंबी रंगवली, मग हिरवी, आणि दोन्ही वेळा मला वाटले की ज्या मुलाला मी ही माणसे खरी होती असे सांगते आहे त्याच्याशीच मी खोटे बोलते आहे. शेवटी तिघींचे चेहरे आणि हात तेवढे राखाडी शाईत रंगवले, कपडे नुसत्या रेषेत सोडले आणि मुलांनीच ते रंगवावेत असे ठरवले.

त्या एका निर्णयाने सगळ्या पुस्तकाचा कागद बदलला. गुळगुळीत आर्ट पेपरवर मेणाचे खडू आणि पेन्सिली नीट चालत नाहीत, म्हणून मॅपलिथो हा बिनचकाकीचा कागद घ्यावा लागला. तो शाई आत ओढून घेतो, त्यामुळे छापखान्यातून आलेल्या पहिल्या नमुन्यात माझा केशरी रंग विटकरीकडे झुकला होता. मी सगळ्या चित्रांत तो रंग पुन्हा एक छटा उजळ केला.

कमला सोहोनींच्या पानावर बटाटा आहे. स्त्री आहे एवढ्याच कारणाने ज्यांना १९३३ साली बंगळुरूच्या विज्ञान संस्थेत प्रवेश नाकारला गेला, नंतर अटी घालून दिला गेला, त्यांनी १९३९ साली केंब्रिजची डॉक्टरेट मिळवली आणि तिथे त्यांचे काम बटाट्यावर होते, हे मुलांना चटकन जवळचे वाटते.

नाशिकची पाने मी मुद्दाम शेवटी ठेवली आहेत. आंबेडकरी चळवळीत दादासाहेब गायकवाडांबरोबर काम केलेल्या आणि विधान परिषदेपर्यंत पोहोचलेल्या शांताबाई दाणी इथल्याच. त्यांच्या आधीच्या पानावर मात्र एकही ओळखीचा चेहरा नाही. २ मार्च १९३० रोजी सुरू झालेल्या काळाराम मंदिर सत्याग्रहात बायकाही होत्या, आणि पंचवटीतल्या त्या दरवाजासमोर बसलेली त्यांची रांगच मी काढली आहे. इथे चेहऱ्यांपेक्षा मांडीवर ठेवलेले हात मोठे आहेत.

शेवटी सावरपाड्याची कविता राऊत. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटर शर्यतीत तिने कांस्यपदक मिळवले. ती शर्यत म्हणजे ४०० मीटरच्या मैदानाच्या २५ फेऱ्या, म्हणून जोडपानभर मी एकात एक अशी २५ वर्तुळे काढली आणि सर्वांत आतल्या वर्तुळावर तिला धावत ठेवले, म्हणजे मुलांनी बोटाने एकेक फेरी मोजत तिच्यापर्यंत पोहोचावे. परवा शिवून आलेली नमुना-प्रत मी भाचीच्या हातात दिली. तिने बोट ठेवून दोनदा मोजले आणि दोन्ही वेळा २४ भरली. मी पुस्तक उघडून उजेडात धरले तेव्हा दिसले की सर्वांत आतले, चिंचोळे वर्तुळ बरोबर शिलाईच्या घडीत गेले आहे, आणि त्याच्याबरोबर कविताचा मागचा पायही. उद्या सकाळी ते अख्खे मैदान दोन बोटे उजवीकडे सरकवून नव्याने काढायला बसणार आहे.