हिट्टिन गिरणि, पिठाची गिरणी

4 ऑगस्ट

डिझाइनच्या तिसऱ्या वर्षाचा प्रकल्प मिळाला. आपल्या भागातलं एखादं लहान दुकान निवडायचं आणि त्याची पाटी, पावती, पिशवी करायची. भाषा किमान दोन. अर्ध्या वर्गाने लगेच कुंद्याचं, म्हणजे इथल्या खव्याच्या मिठाईचं, दुकान धरलं. कुंद्याच्या खोक्याचा लाल-सोनेरी रंग आपण बसायच्या आधीच ठरलेला असतो, म्हणून मी त्या वाटेला गेले नाही. मी मामाची पिठाची गिरणी घेतली. बेळगावच्या वडगावात, विणकरांच्या मागांच्या खडखडाटात. लहानपणी डबा घेऊन तिथल्या रांगेत एवढ्या वेळा उभी राहिलेय की वेगळं जाऊन काही बघायला नको, असा हिशेब. (आळस, दुसरं काय.)

मामाला सांगितलं तर त्याची मागणी तयारच होती: पिवळा फ्लेक्स, कोपऱ्यात जोतिबा, फोन नंबर ठळक.

6 ऑगस्ट

एकतीस थंबनेल, म्हणजे छोटी कच्ची चित्रं, काढली. मोजली तर अकरांत गव्हाची ओंबी. चार पानांनंतर मलाच लाज वाटली, कारण मामाकडे गव्हाच्या आधी जोंधळा आणि तांदूळ येतात. ओंबी माझ्या हाताने परस्पर काढली, डोळ्यांनी नाही.

म्हणून संध्याकाळी पाऊस थांबल्यावर गिरणीत जाऊन बसले. पट्टा फिरत होता, पिठाचा गरम वास होता, आणि फळीवर डबे. कधी नीट बघितलेच नव्हते ते. झाकणावर खिळ्याने कोरलेली नावं, ऑइल पेंटने लिहिलेली, टिकलीच्या पाकिटावर लिहून चिकटवलेली. मराठी, कन्नड, एक-दोन उर्दू. एका डब्यावर कन्नडमध्ये आडनाव आणि खाली मराठीत ‘जाड दळा’. लिहिणारीला यात काही विशेष वाटलं नसणार. चाळीस फोटो काढले. फोनच्या काचेवर पीठ बसलं, त्यातले बारा धुरकट आले.

9 ऑगस्ट

आज पट्टी घेऊन हिशेब. 2024 च्या दुरुस्तीनंतर कर्नाटकात दुकानाच्या पाटीवर 60 टक्के कन्नड लागतं आणि तेही वरच्या भागात. मामाची पाटी आठ फूट बाय तीन फूट. तीन फूट म्हणजे 36 इंच, त्यातले 21.6 कन्नडला. उरलेल्या 14.4 इंचांत मराठी, फोन नंबर आणि जोतिबा. जोतिबाला उभं राहायलाही जागा नाही.

हा विषय निघाला की आमच्या घरी चहा दोनदा होतो. इथे 1 नोव्हेंबरला, कर्नाटकच्या स्थापनेच्या दिवशी, अर्ध्या गावाचा राज्योत्सव आणि महाराष्ट्रात जायचं होतं म्हणणाऱ्या अर्ध्या गावाचा काळा दिवस. आजी तर अजून बेळगावच म्हणते, बेळगावी तिच्या तोंडात बसत नाही. ती म्हणाली, “आमचं नाव खाली का?” मामा म्हणाला, “दंड तू भरणार काय?” मी मधे म्हटलं की मला फक्त मार्क पाहिजेत. ते खरं नव्हतं. मलाही खाली ढकललेलं मराठी बघवत नव्हतं, आणि त्याच रागात मी पुढचे दोन दिवस काम केलं.

12 ऑगस्ट

क्रिट, म्हणजे वर्गात सगळ्यांसमोर कामाची चिरफाड. मराठी ‘पिठाची गिरणी’ मी बोरू कापून कागदावर काढली होती. जाड-बारीक छान उतरलं होतं, ठ ची गोलाई तर मलाच आवडली होती. वर कन्नड ‘हिट्टिन गिरणि’ एका तयार फॉन्टमध्ये टाकून 60 टक्के भरेपर्यंत आडवं ताणलं होतं.

मॅडमनी चष्मा काढला. त्यांनी चष्मा काढला की काहीतरी येणार हे आम्हा सगळ्यांना माहीत आहे.

“मराठी तू काढलंयस. कन्नड टाईप केलंयस.”

एवढंच म्हणून पुढच्या टेबलाकडे गेल्या. राग आला, पण प्रिंट भिंतीवर लावून लांब गेले तेव्हा दिसलं. वरची ओळ मोठी असून रिकामी, खालची लहान असून जिवंत. नियम पाळलाय आणि पाहुण्याला पाट मांडून वर फाटकं ताट वाढलंय, असं काहीतरी.

दहावीपर्यंत कन्नड शिकले, वाचते, बसवर चढते, बाजारात भांडते. पण काढलं कधीच नव्हतं. रात्री ‘एक टाईप’ या फॉन्ट करणाऱ्या संस्थेचा ‘अनेक’ हा फॉन्ट उतरवून घेतला. 2022 मध्ये आलेलं हे कुटुंब, नऊ भारतीय लिप्या आणि रोमन. त्यातलं देवनागरी आणि कन्नड शेजारी ठेवून नुसतं बघत बसले. देवनागरी शिरोरेषेला टांगलेली असते, कन्नड खालच्या रेषेवर बसते. एकाला वर आधार, दुसऱ्याला खाली. मी दोघांना एकाच उंचीच्या चौकटीत कोंबत होते.

14 ऑगस्ट

‘गिरणी’ कन्नडमध्येही गिरणिच, फक्त शेवटची वेलांटी ऱ्हस्व. आणि कन्नड र म्हणजे जवळजवळ पूर्ण गोल, डोक्यावर छोटी चोच. ती चोच म्हणजे तलकट्टु. गोल बघितला आणि सुचलं: हे तर जातं! चोच काढून टाकली, मधे खुंट्यासाठी भोक, झाला लोगो. रात्री एक वाजता स्वतःवर फार खूश होते. मैत्रिणीला फोटो पाठवला, तिने आगीचे तीन इमोजी पाठवले.

15 ऑगस्ट

मामाची जुनी पाटी ज्यांनी रंगवली होती त्या पेंटर अज्जांना शोधलं. खासबागला घर. हल्ली पाट्या फारशा नाहीत, ट्रकच्या मागचं आणि देवळातलं काम करतात. कन्नड घरचं, मराठी आमच्याहून ठसकेबाज.

माझं जातं हातात घेऊन लांब धरलं. मग हसले.

“यव्वा, इदु र नव्हे. हे सोन्ने.”

सोन्ने म्हणजे शून्य. कन्नड आकड्यांतलं शून्य नुसता गोल, आणि अनुस्वारही तसाच गोल, अक्षराच्या शेजारी बसणारा. तलकट्टु काढला की र उरतच नाही. माझ्या लोगोत कन्नड वाचणाऱ्याला ‘गिंणि’ दिसणार होतं. दहावीपर्यंत शिकलेल्या मला ते दिसलं नाही, कारण मला तिथे अक्षर नको होतं, जातं पाहिजे होतं.

मग त्यांनी दारातल्या फरशीवर खडूने ओळी मारल्या. सुताला नीळ लावून दोघांनी धरायचं आणि मधे टिचकी मारायची, सरळ रेघ उमटते. सूत मी धरलं. त्यांनी चपट्या ब्रशने, नुसत्या पाण्याने, फरशीवर हिट्टिन काढलं. गोल एका झटक्यात नाही, दोन हातांत. डावा अर्धा वरून खाली, मग उजवा अर्धा, परत वरूनच. ब्रश ढकलायचा नाही, ओढायचा. पहिलं अक्षर वाळायच्या आत तिसरं काढून झालं होतं. मी काढलेला र बटाट्यासारखा झाला. सतराव्याला म्हणाले, “हां, हे खायला चालेल.”

2014 ला 1 नोव्हेंबरला नाव अधिकृतपणे बदललं तेव्हा काम मिळालं असेल ना, असं विचारलं. म्हणाले, कन्नडात ते आधीही बेळगावीच, बदललं इंग्रजी. मग इंग्रजी अक्षरं वाढली तेवढे पैसे वाढले.

16 ऑगस्ट

आजची गोष्ट सविस्तर लिहून ठेवते, नाहीतर ज्युरीत विसरेन.

दोन ओळींमधलं अंतर जमत नव्हतं. हिट्टिन मध्ये ट ला ट जोडलाय, आणि कन्नडमध्ये दुसरा ट शेजारी बसत नाही, खाली लोंबतो. त्याला ओत्तक्षर म्हणतात. मराठीच्या वेलांट्या शिरोरेषेच्या वर उठतात. वरून शेपूट, खालून शिंगं, आणि मधली जागा मोजून दोन इंच. अंतर वाढवलं तर मराठी आणखी लहान होतं. सकाळपासून ओळी डावी-उजवीकडे सरकवत होते.

अज्जांनी खडूने वर हि, ट्टि, न असे तीन कप्पे पाडले आणि खाली तेवढेच पि, ठा, ची. बोट दुसऱ्या कप्प्यावर ठेवलं. ओत्तक्षर बरोबर तिथे लोंबतंय, आणि त्याच्या खाली ठा. ठा च्या डोक्यावर काही नाही! पि ला वेलांटी, ची ला वेलांटी, मधे मोकळं अंगण. हिट्टु आणि पीठ शेजारी शेजारी दळलेले असल्यासारखे एकमेकांत बसले.

“बसू दे की त्याला तिथं,” म्हणाले आणि चहा सांगितला.

मी ‘पिठाची’ ची अक्षरं थोडी मोकळी केली, कन्नडच्या कप्प्यांशी जुळतील इतकी. ओत्तक्षराचं टोक शिरोरेषेपासून अर्ध्या इंचावर थांबवलं. ते रेषेला टेकवायचा मोह होत होता, पण मग लांबून मराठीवर मात्रा आल्यासारखी दिसते. ‘पिठोची’ कोण दळून घेणार? जातं गेलं, ओंबी गेली, लोगो वेगळा ठेवलाच नाही. रंग गिरणीनेच ठरवला. गडद पाटीवर दोन दिवसांत पीठ दिसतं, म्हणून जमीन पांढरी आणि अक्षरं गडद निळी.

20 ऑगस्ट

छपाई. चतुर्थी तोंडावर आल्यामुळे फ्लेक्सवाले मंडळांच्या बॅनरमध्ये बुडालेले, माझा नमुना चौथ्या दिवशी मिळाला. तोही गंडलेला. त्यांच्या मशीनवर फाईल उघडताच मराठीच्या वेलांट्या अक्षराच्या पलीकडे उड्या मारून बसल्या. अक्षरं कर्व्हमध्ये, म्हणजे नुसत्या आकारांत, बदलून द्यायची हे दुसऱ्या वर्षालाच शिकवलं होतं. पाटी मी केली होती, पिशवीवरचा मजकूर विसरले. त्याच मजकुरात ‘दळून मिळेल’ मधला ल हिंदी वळणाचा आला होता. बऱ्याच फॉन्टमध्ये मराठी ल असतो, पण मजकुराची भाषा मराठी निवडेपर्यंत तो बाहेर येत नाही. आजी तिथे असती तर तिने हे पहिल्या नजरेत पकडलं असतं.

23 ऑगस्ट

ज्युरी झाली. बाहेरून आलेल्या सरांनी विचारलं, “हे दोन्ही एकाच हाताने काढलंय का?” मी म्हटलं, दीड हाताने. मॅडम हसल्या, चष्मा जागेवर होता. पावतीवर मात्र झोडपलं, आणि बरोबरच होतं, ती मी शेवटच्या रात्री उरकली होती.

संध्याकाळी मोठा प्रिंट घेऊन गिरणीत गेले. आजी मुद्दाम आली होती. तिने मराठीवर बोट फिरवलं, मग वर कन्नडवर, मग त्या शेपटावर थांबली. “हे काय खाली आलंय?” मी सांगितलं. “बरं,” म्हणाली. आमच्या आजीचं ‘बरं’ कुठल्याही बाजूचं असू शकतं.

मामाने पट्टा बंद केला, हात झटकले, प्रिंट दाराला लावून रस्त्यापलीकडे जाऊन उभा राहिला. मागांच्या आवाजात तिथूनच ओरडला,

“फोन नंबर केवढा बारीक केलायस गं!”

आता 14.4 इंचांत परत बसायचं आहे.