सोडालाइमचं रजिस्टर

नात आठवीत आहे. शनिवार-रविवार आमच्याकडे चिंचपोकळीला राहायला येते आणि माझ्या खुर्चीत पाय वर घेऊन अंतराळयानाची एक मालिका बघते. परवा त्या यानातली हवा संपत आली होती. लाल दिवे लुकलुकत होते, सगळे एकमेकांवर ओरडत होते. मी मेथी निवडत बसलो होतो. सहज विचारलं, "हवा संपतेय म्हणजे नेमकं काय संपतंय?"

"ऑक्सिजन, आजोबा. अजून काय?"

झालं. मेथी बाजूला राहिली.

मी ३१ वर्षं परळच्या एका हॉस्पिटलात ॲनेस्थेशिया टेक्निशियन होतो. भूल देणारे डॉक्टर वेगळे, मी त्यांच्या मशीनचा माणूस. नळ्या, फुगे, मास्क, सिलिंडर, गळती. बंद नळ्यांतून माणूस श्वास घेत असतो तेव्हा ऑक्सिजन कमी पडायच्या आधीच दुसरं काहीतरी त्याच्या जिवावर उठू शकतं, आणि ते त्याचं स्वतःचंच असतं. सोडलेला श्वास. ऑक्सिजन सिलिंडरमधून हवा तेवढा सोडता येतो हो, पण बाहेर पडलेल्या कार्बन डायऑक्साइडचं करायचं काय? तोच परत आत गेला तर आधी डोकं दुखतं, मग गुंगी येते, मग माणूस जातो.

म्हणून मशीनला एक डबा असतो आणि त्यात सोडालाइमचे दाणे. चुन्याचेच भाऊबंद. श्वास त्यातून जातो, दाणे कार्बन डायऑक्साइड पकडतात, बाकीची हवा परत पेशंटकडे. आमच्याकडे गुलाबी दाणे यायचे, थकले की पांढरे पडायचे. दुसऱ्या कंपनीचे पांढरे येतात आणि जांभळे होतात, नवा मुलगा इथे हमखास गोंधळतो. डब्याला तळहात लावून बघायचा, कोमट लागला तर काम चालू आहे. रंगावर मात्र विसंबायचं नाही. काही दाणे रात्रभर विसावले की सकाळी पुन्हा ताजे दिसतात, आणि पंधरा मिनिटांत मान टाकतात. म्हणून मी रजिस्टर ठेवायचो. कुठल्या मशीनचा डबा कधी भरला, किती तास चालला. निवासी डॉक्टर त्याला 'मामांची पोथी' म्हणायचे. म्हणोत.

नातीला म्हटलं, ते बंद कर. खरं घडलेलं सांगतो.

१९७० साल. ११ एप्रिलला अपोलो १३ चंद्राकडे निघालं. आत तिघे: जिम लव्हेल, जॅक स्विगर्ट, फ्रेड हेज. १३ तारखेला पृथ्वीपासून सव्वातीन लाख किलोमीटरवर मुख्य यानाची ऑक्सिजनची एक टाकी फुटली आणि दुसरी गळायला लागली. याच ऑक्सिजनवर त्यांची वीज तयार व्हायची आणि प्यायचं पाणीही त्यातूनच मिळायचं. तेव्हा वीज गेली, पाणी गेलं. तिघे शेजारच्या यानात सरकले, जे चंद्रावर उतरण्यासाठी सोबत नेलं होतं. त्याचं नाव ॲक्वेरियस. दोन माणसं साधारण दोन दिवस राहतील या बेतानं बांधलेलं ते घर, त्यात तीन माणसं आणि परतीचा जवळजवळ चार दिवसांचा प्रवास. चाळीतल्या माणसाला यात नवल वाटायला नको. दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही नऊजण वाढलो. पण चाळीला खिडकी असते.

ॲक्वेरियसमध्ये ऑक्सिजन भरपूर होता. हे ऐकून नात उठून बसली. ऑक्सिजन भरपूर, आणि तरी मरणार होते?

हो. अपोलो यानांत सोडालाइमऐवजी लिथियम हायड्रॉक्साइड वापरायचे. काम तेच, पण वजनाला हलकं. एक किलो लिथियम हायड्रॉक्साइड ९०० ग्रॅमच्या आसपास कार्बन डायऑक्साइड पकडू शकतं, आणि माणूस दिवसाला साधारण किलोभर सोडतो. तीन माणसांचा हिशेब करा. ॲक्वेरियसमधले डबे पुरणार नव्हते. मुख्य यानात डबे शिल्लक होते, चांगले, न वापरलेले. फक्त ते चौकोनी होते आणि ॲक्वेरियसची खोबण गोल.

लोक हे वाचून हसतात. एवढी हुशार माणसं, आणि डबे एकमेकांत बसत नाहीत? मला हसू आलं नाही. मुख्य यान नॉर्थ अमेरिकन रॉकवेलनं बांधलेलं, ॲक्वेरियस ग्रमननं. दोघांनी आपापलं काम चोख केलं. आमच्या थिएटरात शेजारी-शेजारी दोन कंपन्यांची मशीन होती. एकीचा तयार भरलेला डबा दुसरीत बसायचा नाही, आणि एकाही टेंडरमध्ये तो बसावा असं लिहिलेलं नव्हतं. दोन मशीन एकमेकांच्या मदतीला येतील असं कुणी धरलेलंच नसतं.

हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचा दाब पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये मोजतात. साध्या हवेत तो ०.३ असतो. त्या यानात तो चढत चढत १५ च्या उंबरठ्यावर गेला.

नासाच्या ह्यूस्टनमधल्या केंद्रात एड स्मायली नावाचे इंजिनिअर होते, अंतराळवीरांना जगवणाऱ्या यंत्रणा त्यांच्या विभागाकडे. चौकोनी डबा गोल खोबणीला जोडायचा, आणि तोही फक्त यानात असलेल्या वस्तूंनी. आता दुकानात जायची सोय नाही. आमच्या नातीच्या मालिकेत अशा वेळी कुणीतरी कपाळावर बोट ठेवतं आणि त्याला काहीतरी सुचतं. इथे माणसं यादी घेऊन बसली. यानात चढवलेल्या प्रत्येक वस्तूची नोंद होती. मोज्यांचीसुद्धा. चंद्रावर घालायच्या आतल्या कपड्यांच्या प्लास्टिकच्या पिशव्या, सूचना छापलेली जाड पुठ्ठ्याची कार्डं, अंतराळपोशाखाच्या नळ्या, आणि राखाडी चिकटपट्टी. पट्टी यानात आहे हे कळल्यावर आपण जिंकलो असं वाटलं, असं स्मायलींनी पुढे सांगितलं. माझा तरी विश्वास बसतो. चिकटपट्टी नसती तर माझ्या नोकरीची पहिली दहा वर्षं निघाली नसती.

डबा पिशवीत घातला. हवा ओढली गेली की पिशवी डब्याच्या तोंडाला चिकटून बसेल, म्हणून मध्ये पुठ्ठ्याची कमान. पिशवीला भोक पाडून त्यात पोशाखाची नळी, भोवती पट्टी. डब्याच्या खालच्या भोकात मोज्याचा बोळा. ॲक्वेरियसचा पंखा त्या नळीतून हवा ओढणार, म्हणजे हवा डब्यातून गाळून जाणार. गोल खोबणीत काही बसवायची गरजच उरली नाही.

पण हे जमिनीवर झालं. वर चित्र पाठवायची सोय नव्हती. जो केर्विन, स्वतः डॉक्टर आणि अंतराळवीर, त्यांनी हे सगळं रेडिओवर तोंडी सांगितलं. पट्टी किती कापायची? तीन फूट, म्हणजे हातभर. डब्याला वरून एक आणि खालून एक असे दोन पट्टे गुंडाळायचे, चिकट बाजू बाहेर ठेवून. मला ही गोष्ट सगळ्यात जास्त आवडते. 'हातभर' हे माप वर मोजपट्टी शोधत बसावं लागू नये म्हणून. ज्याने फोनवर कुणाला रेग्युलेटर बसवायला सांगितलंय त्यालाच याची किंमत कळेल. डावीकडे म्हणजे कुणाच्या डावीकडे, यावरून माझं एका वॉर्डबॉयशी अर्धा तास भांडण झालंय.

तासाभरात डबा तयार झाला. आकडा भराभर खाली आला.

"तुम्ही असं कधी केलंय?" नातीचा प्रश्न. त्याचं उत्तर द्यायला मी एरवी टाळतो, कारण गोष्ट एवढीशी आहे.

२६ जुलै २००५. त्या दिवशी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, हे सगळ्यांना पाठ आहे. हिंदमाताला छातीएवढं पाणी. गाड्या बंद. माझ्या जागी येणारा कल्याणहून निघालाच नव्हता. संध्याकाळी नायगावचा एक माणूस आतडं फुटून आला, टेबलावर घेतला. दोनेक तासांनी कॅप्नोग्राफची, म्हणजे श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणाऱ्या यंत्राची, खालची रेघ शून्याला टेकेना. ३. मग ५. डबा संपला होता. सोडालाइमचा नवा कॅन तळमजल्याच्या स्टोअरमध्ये, स्टोअरच्या दारात कमरेएवढं पाणी, आणि किल्ली घेऊन गेलेला माणूस कुठल्या तरी बंद गाडीत.

भूल देणाऱ्या मॅडमनी ताज्या गॅसचा प्रवाह वाढवला. ते बरोबरच होतं, प्रवाह मोठा ठेवला की जुना श्वास धुतला जातो. बेन सर्किट, म्हणजे दाण्यांशिवाय चालणारी नळ्यांची जोडणी, लावलं असतं तर डबा लागलाच नसता. पण दोन्हीत ऑक्सिजन भसाभसा जातो, वॉर्ड भरलेले, आणि सिलिंडरची गाडी पाण्यापलीकडे. मॅडमनी न वळता विचारलं, "मामा, काय आहे आपल्याकडे?"

मी पोथी उघडली. कॉरिडॉरमध्ये भुलीचं एक जुनं बॉइल मशीन उभं होतं, भंगारात काढायचा प्रस्ताव गेलेला. त्यावर लोक रेनकोट वाळत घालायचे. रजिस्टरात नोंद: १४ जुलैला भरलं, दोन तास चाललं. पुढे कोरं. त्याचा डबा आमच्या मशीनला बसत नव्हताच. पण दाणे तर सुटे होते. तोंडाला मास्क बांधून ते ताटात ओतले, भुगा झटकला, आमच्या डब्यात भरले आणि बाजूंनी थापट्या मारल्या. पोकळी राहिली की श्वास तिथून शॉर्टकट मारतो आणि दाणे नुसते बघत बसतात. डबा बदलेपर्यंत मिनिटभर निवासी डॉक्टरांनी अँबूने, म्हणजे हाताने दाबायच्या फुग्याने, श्वास दिला. रेघ खाली आली आणि शून्यावर बसली. पाऊण तासाने पोट शिवलं. बस, एवढंच.

अपोलोची टाकी मुळात का फुटली, तेही नातीला सांगितलं. टाकीच्या आत हीटर होता आणि तो फार तापू नये म्हणून थर्मोस्टॅटचे स्विच. ते २८ व्होल्टसाठी बनवलेले. पुढे उड्डाणतळावर ६५ व्होल्टचा पुरवठा द्यायचं ठरलं आणि तसा बदल लिहिलाही गेला, पण स्विच मात्र जुनेच राहिले. उड्डाणाआधी टाकी रिकामी करताना हीटर तासन्‌तास चालू ठेवला, स्विच चिकटून बसले, आत सुमारे ५०० अंशांची भट्टी झाली आणि तारांवरचं टेफ्लॉन जळालं. मग ती टाकी चंद्राकडे निघाली. ज्या यादीनं त्यांना वाचवलं तशाच एका कागदावरची एक ओळ पुढे कुणी तपासली नव्हती. माझ्या रजिस्टरातही अशा ओळी असतील. सुटल्या त्या कुणाला कळल्या नाहीत, इतकंच माझं नशीब.

१७ एप्रिलला तिघे प्रशांत महासागरात उतरले. त्यानंतर ग्रमनच्या लोकांनी गंमत म्हणून नॉर्थ अमेरिकनला बिल पाठवलं. तुमचं बंद पडलेलं यान आमच्या यानानं ओढत आणलं, त्याचे पैसे द्या. पहिल्या मैलाला चार डॉलर, पुढे मैलाला एक. बॅटरी चार्जिंग वेगळं. जादा पाहुण्याचं राहणं, रात्रीला आठ डॉलर. २० टक्के सवलत धरून वगैरे एकूण ३,१२,४२१ डॉलर आणि २४ सेंट. नात हसून हसून खुर्चीतून खाली आली.

मलाही एक कागद आला होता. सप्टेंबरात, ऑडिटकडून, आणि त्यात गंमत नव्हती. भंगारासाठी प्रस्तावित मशीनमधील साहित्य लेखी परवानगीविना दुसऱ्या मशीनमध्ये वापरल्याबद्दल खुलासा करावा. त्यांना कळलं कुठून? माझ्याच रजिस्टरातून. रात्री साडेअकराला मी इमानेइतबारे नोंद केली होती, वेळेसकट.

खुलासा लिहिला: "सदर साहित्य वापरून संपले असून परत करता येणे शक्य नाही. पेशंट आठव्या दिवशी घरी गेला." खाली सही केली, आवक-जावक क्रमांक टाकून घेतला, आणि तोही रजिस्टरात लिहिला.