एसआय जॉइंटचा एमआरआय: चिठ्ठीवर काय लिहून घ्यावं

अँकिलोजिंग स्पॉन्डिलायटिस म्हणजे कणा आणि एसआय जॉइंट (कण्याच्या तळाचं हाड कमरेच्या हाडांना जोडणारे दोन सांधे) सुजवणारा संधिवात. त्यात आज सूज किती आहे, हे एक्स-रेवर कळत नाही. तिथे दिसतं ते सुजेने आधीच करून ठेवलेलं नुकसान. सीआरपी (सूज दाखवणारी रक्ततपासणी) नॉर्मल असूनही सूज असू शकते, म्हणून एमआरआय. मशीनमधला अर्धा तास निघून जातो. घोडं अडतं ते बुकिंगच्या खिडकीवर.

डॉक्टरांच्या चिठ्ठीवर नुसतं ‘एमआरआय, एलएस स्पाइन’ (कमरेचा कणा) असेल तर सेंटर मणक्यांच्या गाद्यांचा नेहमीचा स्कॅन करून मोकळं होतं. माझ्या बाबतीत तेच झालं. रिपोर्ट आला ‘माइल्ड डिस्क बल्ज’ (गादी किंचित फुगलेली), आणि ज्या सांध्यांसाठी स्कॅन होता ते एसआय जॉइंट फोटोंत धड नव्हतेच. विचारल्यावर उत्तर एकच, ‘चिठ्ठीत होतं ते केलं.’ पैसे मात्र पूर्ण. याची चीड अजून जात नाही, कारण एका ओळीने हे टळतं: ‘दोन्ही एसआय जॉइंट, सेमी-कोरोनल, टी१ आणि स्टर, स्लाइस ४ मिमीपर्यंत.’

सेमी-कोरोनल काप (स्लाइस) सेक्रमच्या, म्हणजे कण्याच्या तळाच्या हाडाच्या, कलाला समांतर घेतात, त्यामुळे सांधा लांबीत दिसतो. टी१, टी२ आणि स्टर हे एमआरआयचे फोटो घेण्याचे प्रकार. स्टरमध्ये चरबीचा सिग्नल दाबला जातो आणि हाडाच्या आतली सूज पांढरी उठून दिसते. साध्या टी२वर चरबीही उजळ असते, त्यात सूज लपते. टी१ लागतो तो इरोजन (हाडाची झीज) आणि जुन्या सुजेच्या जागी आलेली चरबी बघायला. यासाठी सहसा कॉन्ट्रास्ट (शिरेतून द्यायचं औषध) लागत नाही. खिडकीवर इंजेक्शनचे जादा पैसे सांगितले, तर आधी ऱ्हुमॅटॉलॉजिस्टना (संधिवाताच्या डॉक्टरांना) फोन करा.

रिपोर्टमध्ये ‘बोन मॅरो एडिमा’, म्हणजे हाडाच्या आतली सूज, हे शब्द शोधा. पण पांढरं दिसलं की रोग, असं नाही. धावणाऱ्यांत आणि बाळंतपणानंतरही असे डाग दिसतात. स्लाइसवर एकच डाग असेल, तर तो रोगाचा धरायला लागोपाठ दोन स्लाइसवर दिसायला हवा.

सूज मोजायची पद्धत आहे, स्पार्क स्कोअर. लागोपाठ ६ स्लाइस, प्रत्येक सांध्याचे ४ भाग, सूज असलेल्या भागाला १ गुण, असे दोन्ही सांध्यांचे जास्तीत जास्त ४८. सूज १ सेंमी किंवा जास्त खोल असेल त्याचे १२, खूप झगझगीत असेल त्याचे १२. एकूण ७२. रोजच्या रिपोर्टमध्ये हा आकडा सहसा नसतो. निदान कोणती बाजू, कोणता भाग, एवढं तरी लिहून मागा.

फिल्मवर भागवू नका, सीडी घ्या. पुढचा स्कॅन शक्यतो त्याच मशीनवर करा, तरच तुलना नीट होते. आणि हो, दुखण्याच्या गोळ्यांनी सूज कमी दिसू शकते. त्या स्वतःहून बंद करू नका, पण चालू आहेत हे फॉर्मवर लिहा.